अमाच्या अंगणातला बर्फ

"बर्फ तुझा सख्खा की मी सख्खी, तेवढंच सांग," मेघाताई फोनवर म्हणाली, आणि मी त्या वेळी धाब्यावर एका पायावर उभी होते. अहो, खरंच एका पायावर. धाबं म्हणजे मी राहायचे त्या घराचं सपाट छप्पर. त्याच्या एकाच कोपऱ्यात रेंज यायची, आणि तीसुद्धा झेंड्याच्या काठीला पाठ टेकवून एक पाय कठड्यावर ठेवला तरच. पाय खाली आला की बार्शी गायब.

मी म्हटलं, ताई, तूच सख्खी, पण हा वितळला नाही तर मी येऊ कशी?

ती म्हणाली, "एप्रिलची वीस तारीख उलटली मंजू. इथे आम्ही कूलरपुढे बसून पत्रिकांवर हळद-कुंकू लावतोय. सव्वीस तारखेला लग्न आहे माझं. आणि तू मला सांगतेस, बर्फ वितळत नाही."

आता हे तुम्हाला नीट सांगितल्याशिवाय कळायचं नाही. हिमाचलच्या लाहौलमधलं एक छोटं गाव, पंधरा-वीस घरांचं. तिथे आमच्या ऑफिसातले निमकर सर अकरा वर्षं बर्फ मोजायला जायचे. हिवाळा संपत आला की किती बर्फ साठलाय, रोज किती कमी होतोय आणि जमीन उघडी पडायची तारीख कोणती, हे सगळं. कारण त्याच्यावर खालच्या नदीला उन्हाळ्यात पाणी किती येणार ते ठरतं. त्यात उघडं पडायची तारीख सगळ्यात महत्त्वाची. ती चुकली की ते वर्ष फुकट गेलं. सरांचं एकही वर्ष फुकट गेलं नव्हतं, आणि नेमकं त्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं.

मग कोण जाणार? मी. सगळ्यात नवी, सगळ्यात उत्साही, आणि बार्शीची. आमच्याकडे बर्फ म्हणजे गाडीवरचा काला खट्टा. पण सरांनी पुण्यात पलंगावर पडल्या पडल्या मला विचारलं, जाशील का, आणि मी त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी हो म्हटलं. सर म्हणाले, एकच नियम. तिन्ही दांडे उघडे पडल्याशिवाय खाली उतरायचं नाही. मी म्हटलं, सर, उतरलेच तर मला हाकला.

दांडे म्हणजे लांब बांबू, लाल-पांढरे पट्टे मारलेले. बर्फ पडायच्या आधीच जमिनीत रोवून ठेवायचे आणि रोज जाऊन बघायचं, बर्फ कुठल्या पट्ट्यापर्यंत आहे. शिवाय स्टीलची एक नळी असते, ती बर्फात खुपसून आतला बर्फ तराजूच्या काट्याला लटकवून वजन करायचं, कारण नुसत्या उंचीला अर्थ नाही, भुसभुशीत बर्फात पाणी कमी आणि दाबलेल्यात जास्त. एक नंबरचा दांडा होता अमाच्या अंगणात. दोन नंबरचा खाली नदीच्या बाजूला. तीन नंबरचा वर पाण्याच्या टाकीमागे, एकदम चढावर. रोज संध्याकाळी धाब्यावर एका पायावर उभं राहून सरांना तिन्ही आकडे सांगायचे.

आणि अमा म्हणजे पालमो अमा, तिकडे आईला अमा म्हणतात, मी तिच्याच घरी राहायचे. साठीची असेल. बुटकी, गाल लालभडक, चालताना वाटायचं कुणीतरी गाठोडंच ढकलून दिलंय उतारावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, यांगजोम, लग्न होऊन लांब गेलेली. भिंतीवर तिचा लग्नातला फोटो होता. अमा मला पहिल्या दिवसापासून मुलीसारखं वागवायची, म्हणजे सारखी ओरडायची. टोपी घाल, मोजे बदल, अर्धी पोळी ताटात ठेवलीस कशाला. तिला मंजिरी म्हणता यायचं नाही, ती मला मिंजुर म्हणायची. तिची तुटकी हिंदी आणि माझी बार्शीची हिंदी, यावर आमचं अख्खं घर चालायचं. मी आपलं तुम्हाला मराठीतच सांगते.

तर मेघाताईचं लग्न. मी ते अमाला सांगितलंच नव्हतं. का, तर कुणाच्याही लग्नाचा विषय निघाला की अमा उठायची, यांगजोमच्या फोटोवरून ओढणीचं टोक फिरवत बसायची. गावातल्या कुणाची सोयरीक ठरली, तेव्हा मी हे दोनदा बघितलं. म्हटलं, नको बाई, कशाला तिच्या जखमेवर बोट ठेवा. आणि सरांनाही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले असते, मंजू, घरी जा. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. म्हणून मी गप्प. मनात हिशोब केलेला, पंधरा-सोळा एप्रिलपर्यंत सगळं उघडं पडतं, दरवर्षी पडतं, मी आरामात बार्शीत पोचते, हळदीला नाचते.

दोन नंबर उघडा पडला वेळेवर. तीन नंबर टाकीमागे सावलीत असल्यामुळे जरा रेंगाळला, पण तोही उघडा पडला. आणि एक नंबर, जो घरासमोर आहे, भर उन्हात आहे, तो हलेना.

म्हणजे थोडा हलायचा. संध्याकाळी मोजला तर कमी. मी खूश. सकाळी परत मोजला तर आदल्या दिवसाइतका. मी डोळे चोळायचे. चार दिवस असं चाललं तेव्हा मी सरांना म्हटलं, सर, इथे काहीतरी वेगळंच घडतंय, रात्री वारा उडवून आणत असेल का, यावर एक निबंध लिहावा का मी? सर म्हणाले, "नळी जाते का आत सहज?" मी म्हटलं, नाही ना, फार कडक झालाय, वजनही जास्त भरतंय. सर म्हणाले, "हं." मग म्हणाले, "अमाची कंबर कशी आहे?" मी म्हटलं दुखतेय म्हणते. सर परत म्हणाले, "हं." मला वाटलं, ऑपरेशनच्या गोळ्यांनी सरांचं लक्ष नाहीये.

आणि सगळं गाव पेरणीला लागलेलं. तिथे एक पद्धत आहे. शेतातला बर्फ लवकर जावा म्हणून लोक त्याच्यावर माती फेकतात, चुलीतली राख फेकतात. काळ्यावर ऊन जास्त धरतं, बर्फ भराभर बसतो. सगळ्या गावाच्या शेतांवर राखेचे पट्टे. अमानेसुद्धा तिच्या शेतात आणि अंगणात टाकली होती. फक्त दांड्याभोवतीचा चौकोन तेवढा सोडलेला, कारण तिथे सरांनी दोरी बांधली होती, इथे कुणी काही टाकायचं नाही, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. त्यामुळे दृश्य काय, तर सगळीकडे ओली काळी जमीन, मधे दोरीच्या आत मिठाच्या खड्यासारखा पांढरा चौकोन, आणि त्याच्याकडे बघत तोंड पाडून बसलेली मी. येणारा-जाणारा विचारायचा, मॅडम, ये कब जाएगा? मी म्हणायचे, मला माहीत असतं तर.

मग ताईचा तो फोन आला. सख्खं कोण ते विचारणारा. शेवटी ती रडायला लागली. चिडलेली ताई मी हजारदा बघितलीये, पण रडलेली नाही. म्हणाली, नवरदेवाच्या करवल्या सहा आहेत, माझी एकच, आणि ती बर्फ राखत बसलीये.

त्या रात्री मी झोपले कुठली. बस धरून मनाली, मनालीहून दिल्ली, दिल्लीहून गाडी कुर्डुवाडीपर्यंत, आणि पुढे. परवा सकाळी निघाले नाही तर संपलं. आणि सरांच्या अकरा वर्षांच्या माळेतला बारावा मणी माझ्या हातातून गळणार, हे पण मला सोसेना. पहाट झाली. तंदूर विझला होता. तंदूर म्हणजे त्यांच्याकडे खोलीच्या मधोमध असते ती पत्र्याची चूल. मी त्याच्या खालचं दार उघडलं आणि सत्तूच्या रिकाम्या डब्यात राख भरली.

बघता काय माझ्याकडे? हो, भरली. म्हटलं, एक मूठ. एका मुठीने काय होतंय? सगळं गाव टाकतंय.

बाहेर आले. आभाळ नुकतं निळं व्हायला लागलेलं, डोंगरांच्या टोकांना उजेड लागला होता, खाली अजून अंधुक. पायाखाली कुरकुर आवाज. मी डबा शालीखाली धरून दोरीपाशी पोचले आणि बघते तर दांड्याजवळ कुणीतरी वाकलेलं.

अमा होती. पाठीवर किल्टा, म्हणजे त्यांची ती वर रुंद, खाली निमुळती टोपली. आणि ती टोपली खांद्यावरून पुढे उपडी करत होती. दांड्याच्या बुडाशी. भसकन बर्फ पडला. मग तिने फावड्याच्या पाठीने तो थापला, पट्ट्याकडे बघितलं, दोन बोटं लावून मापलं, अजून थोडा थापला.

मी तिथेच उभी. तिने मान वर केली.

शेवटी तीच म्हणाली, "डब्यात काय आहे?"

मी म्हटलं, "किल्ट्यात काय होतं?"

"बर्फ."

"राख."

अमाने फावडं टेकवलं. "चोरी करायला आलीस?"

"आणि तू काय करतेस?"

"चोर नेतो. मी आणून टाकते," ती म्हणाली. आणि इतक्या गंभीरपणे म्हणाली ना, की मला एक क्षण पटलंच.

मी विचारलं, अमा, कधीपासून? ती म्हणाली, रोज. गोठ्यामागे ऊन येत नाही, तिथला बर्फ असाच पडून असतो, कुणाच्या कामाचा नाही. मी विचारलं, पण का? तिने किल्टा झाडला, त्याचा पट्टा नीट केला, उगाच. मग दांड्याकडे बघून म्हणाली, "ही काठी उघडी पडली की निमकर बॅग भरतो. दरवर्षी. आता तूही भरशील."

कमरेला पट्टा बांधून, रोज पहाटे, गोठ्यामागून, किल्टाभर बर्फ. आणि मी तिच्या कमरेला मलम चोळत होते आणि सांगत होते, अमा, थंडीने दुखत असेल. रोज सकाळी तंदूरपाशी तो किल्टा ओला असायचा, मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाली होती, गवत ओलं होतं.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, अमा, माझ्या बहिणीचं लग्न आहे. सव्वीसला. मला जायचंय.

तिचा चेहरा असा झाला, जसा काही मीच तिच्या अंगावर तो किल्टा उपडा केला. "सख्खी बहीण?"

"सख्खी. एकच."

"आणि तू इथे काठी बघत बसलीस? आणि मला सांगितलं नाहीस?"

मी म्हटलं, कसं सांगणार, लग्नाचं नाव काढलं की तू यांगजोमचा फोटो पुसत बसतेस, तुला वाईट वाटतं.

अमा म्हणाली, "वाईट कसलं. तंदूरचा धूर बसतो त्याच्यावर."

मग जरा थांबून म्हणाली, "थोडं वाटतं. पण धूरही बसतो."

आणि ती अशी काही उसळली, काय सांगू. फावडं उचललं आणि थेट दांड्यावरच चालून गेली. म्हणे, आत्ता उघडी करते काठी, लिहून टाक आणि पळ. मी मधे पडले. मी दांड्याला मिठी मारलेली, ती फावडं घेऊन माझ्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, आणि मी ओरडतेय, अमा, थांब, असं नाही चालत, मोजणीचा बट्ट्याबोळ होईल. तिचं म्हणणं, बट्ट्याबोळ मीच केलाय ना, मग मीच निस्तरते. बरोबरच होतं तिचं, पण मी काय सोडतेय. शेवटी मी म्हटलं, सरांना विचारू. सरांचं नाव ऐकल्यावर ती थांबली. तोंड एवढंसं झालं. "त्याला सांगणार?"

सांगावंच लागणार होतं. माळ तुटलीच होती माझ्या लेखी. एक नंबरचा बर्फ कधी गेला असता, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. मी धाब्यावर चढले, अमा मागोमाग. एक पाय कठड्यावर. सर लवकर उठतात, एका घंटीत उचलला. मी सगळं एका दमात सांगितलं. राखेसकट.

मग सर म्हणाले, "ती जवळ आहे?"

"हो. पण तिला मराठी कळत नाही."

"मग तोंड सरळ ठेव आणि ऐक. गोठ्यामागून आणते ना?"

माझा पाय कठड्यावरून घसरला. फोन कट. मी परत पाय ठेवला, परत लावला. म्हटलं, सर, तुम्हाला कसं माहीत?

"मी होतो तेव्हाही तिथूनच आणायची," सर म्हणाले. "पहिल्या वर्षी कळलं नाही. दुसऱ्या वर्षी खिडकीतून बघितलं. तेव्हापासून टाकीमागे तीन नंबर लावला. तिथे तिची कंबर चढू देत नाही. वर्षाची तारीख मी तिथली धरतो. तू ती मला वेळेवर कळवलीयेस. तुझं काम झालंय मंजू."

"आणि एक नंबर?"

"तो कुठेच धरत नाही."

मला रडू येतंय की हसू, कळेना. तोंड सरळ ठेवायचं होतं ना. म्हटलं, मग रोज मला त्याचा आकडा का विचारायचात?

सर म्हणाले, "ती रात्री जेवताना विचारते ना, आज किती? कुणीतरी मोजलेलं असावं लागतं." मग म्हणाले, "मी तिला कधी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस. दरवर्षी आठ-दहा दिवस जास्त राहायला मिळतात मला. घरी सांगतो, बर्फ वितळला नाही."

बहिणीच्या लग्नाचं मला का सांगितलं नाहीस, असंही विचारलं त्यांनी. मी म्हटलं, तुम्ही म्हणाला असतात, घरी जा आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणी जाईल. सर म्हणाले, "म्हणालो असतो. त्यातलं पहिलंच फक्त."

मी मागे वळून बघितलं तर अमा ओढणीचं टोक दोन्ही हातांनी पिळत उभी. विचारलं, काय म्हणाला? रागावला? मी म्हटलं, नाही. म्हणाले, अमाला सांग, काठीकडे आता तूच बघ, मंजूला जाऊ दे. जेव्हा उघडी पडेल तेव्हा कळव.

"मी?" ती म्हणाली.

"तूच. पट्टे मोजता येतात ना?"

"बोटांनी मोजते," ती म्हणाली, आणि लगेच खाली उतरून फावडं जागच्या जागी ठेवून आली.

माझी बॅग तिनेच भरली. तासाभरात. नको नको म्हणताना किल्ट्यात घातली आणि तोच किल्टा पाठीवर घेऊन खाली रस्त्यापर्यंत माझ्यासोबत आली, कंबरेचं नाव नाही. बस येईपर्यंत आम्ही दगडावर बसलो. तिने कोटातून लोकरीचे मोजे काढले. मी आले तेव्हापासून ती ते विणत होती, लाल, हिरवे, चांदण्यांची नक्षी, पिंढरीपर्यंत जाड. मी समजत होते यांगजोमसाठी आहेत. म्हणाली, नवरीला दे. मी म्हटलं, अमा, यांगजोमचे आहेत ना? ती म्हणाली, "तिला दुसरे विणीन. मिंजुर गेल्यावर मला काय काम आहे?" मी बसमध्ये चढल्यावर खिडकीवर थाप मारून ओरडली, टोपी घाल. बार्शीत बेचाळीस होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी पोचले. ताईने मला बघितलं आणि हळदीच्या हाताने पाठीत धपाटाच घातला. मग मी तिला धाब्यापासून राखेपर्यंत सगळं सांगितलं, तशी तिने काय करावं? ते मोजे घातले. शालू, हिरवा चुडा, कूलर फुल्ल, घामाने डबडबलेली आणि पायात चांदण्यांचे मोजे. मांडवात बायका विचारतायत, नवरीला ताप आहे का? तिने पाय पुढे करून फोटो काढायला लावला आणि म्हणाली, पाठव तुझ्या अमाला. मी पाठवला. अमाचा उलटा फोन. एवढंच विचारलं, घोट्याला घट्ट होतात का?

हे सगळं झालं आणि मी पुण्याला येऊन कामाला लागले. मे संपत आला होता. एका दुपारी ऑफिसचा पंखा बंद, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि फोन वाजला. अमा. मागे वाऱ्याचा आवाज, म्हणजे ती झेंड्याच्या काठीपाशी होती. मी विचारलं, अमा, एका पायावर उभी आहेस का? ती म्हणाली, नाहीतर काय.

मी विचारलं, वाटाणा पेरला? पेरला, उगवला, वीतभर झाला. ऊन कसं आहे? कडक आहे, लोक बिनबाह्यांचे फिरतायत. नदीला पाणी? भरपूर. आणि मग अगदी सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "मिंजुर, काठीपाशी अजून चार बोटं आहे."

"चार बोटं? मेच्या शेवटाला?"

"मोजलंय मी. निमकरलाही सांगितलं. तो म्हणाला, मग काम राहिलंय."

शेजारच्या टेबलावर सर बसलेले. नवा गुडघा स्टुलावर ठेवून काहीतरी वाचत होते. म्हणजे कागद वाचण्यासारखा धरला होता फक्त. मान वर न करता म्हणाले, "किती म्हणतेय?"

मी म्हटलं, चार बोटं.

"मग बघून यायला हवं," सर म्हणाले. "दोन तिकिटं काढ."